जिन्याखालचं कपाट आणि पान एकशे पंचेचाळीस

तत्त्वज्ञानाचं कपाट आमच्या वाचनालयात जिन्याखाली होतं. त्या विषयाबद्दल कुणाच्या मनात अनादर होता म्हणून नव्हे. कादंबऱ्यांचं कपाट तिथं मावत नव्हतं, एवढंच कारण. जिन्याखाली उभं राहून पुस्तक शोधायचं तर मान खाली घालावी लागे. मी रुजू झाले तेव्हाचे आमचे अध्यक्ष म्हणत, "या विषयाकडे नम्रपणेच गेलं पाहिजे." ते स्वतः कधी गेले नाहीत.

मी वाशीमला ग्रंथपाल म्हणून लागले त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. ग्रंथपाल म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून वाचणारी बाई, असा एक समज आहे. तो दूर करते. नवं पुस्तक आलं की त्याची दाखल नोंदवहीत नोंद करायची आणि त्याला क्रमांक द्यायचा. तो क्रमांक शिक्क्यासह तीन ठिकाणी टाकायचा: पहिल्या पानावर, मधल्या एका ठरलेल्या पानावर आणि शेवटच्या पानावर. पहिलं पान फाडून कुणी पुस्तक स्वतःचं म्हणून सांगू लागला तर मधलं पान साक्ष देतं. मग पाठीवर चिठ्ठी, आत खिसा, खिशात कार्ड. पुस्तक गेलं की कार्ड आमच्याकडे, आलं की कार्ड पुस्तकात. हे सगळं झाल्यावर वेळ उरला तर वाचायचं. मला तो उरे, कारण मी कामाची यादी आदल्या दिवशीच करून ठेवते.

या लेखात पुस्तकांची नावं देणार नाही. जे घडलं त्यात लेखकांचा काही दोष नव्हता. शिवाय मला ती पुस्तकं क्रमांकानंच आठवतात.

जिन्याखालच्या कपाटात एकशे साठेक पुस्तकं होती. मी ठरवलं, ही ओळीनं वाचायची आणि स्वतःला सुधारायचं. माझा एक नियम होता. नुसतं वाचून उपयोग नाही. प्रत्येक पुस्तकातून करण्याजोगी एक गोष्ट काढायची आणि ती करायची. त्यासाठी वही केली. तीन रकाने: वाचलं, पटलं, केलं. 'पटलं' हा रकाना नेहमी भरलेला असे. 'केलं'मध्ये जरा विरळ वस्ती होती.

एका पुस्तकातून घेतलं, की सकाळी उठल्यावर अर्धा तास कुणाशी बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी शेजारच्या काकूंना बोलावून माझं काय बिनसलंय ते विचारायला लावलं. दुसऱ्यातून घेतलं, की न लागणारी एक वस्तू रोज देऊन टाकायची. आठ दिवस छान गेले. नवव्या दिवशी मी जुना स्टोव्ह दिला, तो दहाव्या दिवशी आमचे हे परत मागून घेऊन आले. तिसऱ्यातून घेतलं, की तक्रार म्हणून करायची नाही. हे मात्र मी शंभर टक्के पाळलं. त्या वर्षी जिन्यामागच्या भिंतीला ओल आली. मी तक्रार केली नाही. ओलीमागून वाळवी आली. तिच्याकडे वळण्याआधी वाचकांबद्दल सांगायला हवं, कारण स्वतःला सुधारून झाल्यावर मी त्यांच्याकडे वळले होते.

तत्त्वज्ञान नेणारे वाचक थोडे. पण ठरलेले. ते पुस्तक परत करायला आले की मी त्यांना अर्ध्या पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी भरायला देऊ लागले: "या पुस्तकातून काय करायचं ठरवलं?" पुढच्या खेपेला मी ती काढून विचारी, "जमलं का?" जमलं असेल तर बरोबरची खूण. एका निवृत्त हवालदारांनी पहिल्याच चिठ्ठीवर लिहिलं, "पान चाळीसनंतर झोप लागते. झोप सुधारली." मी खूण केली. एका कापड दुकानदाराच्या मुलानं लिहिलं, "गिऱ्हाइकाशी खरं बोलणे." पुढच्या खेपेला विचारलं तर म्हणाला, "तीन दिवस बोललो, बाई. 'हा रंग जाईन' असं दोघा-तिघांले सांगतलं. चवथ्या दिवशी बाबूजीनं मले गल्ल्यावरून उठवलं अन् कपड्याच्या घड्या घालाले बसवलं."

"मग आता?"

"आता घड्या नीट घालतो."

मी त्यालाही खूण केली. कामात मन असणं हेही तत्त्वज्ञानच.

आणि सुदाम खिल्लारे. मूळ केनवडचा. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबत. छप्पन साली सगळ्या घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा हा शाळकरी पोर होता. तो मॅट्रिक झाला आणि आमच्या गावातल्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागला. कचेरीचं नाव सांगत नाही. खिल्लाऱ्यांच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा हा पहिला माणूस. आठवडाभर वाशीमला खोली करून राही, शनिवारी दुपारी कचेरी सुटली की वाचनालयात येई, पुस्तक बदली आणि केनवडची एस.टी. गाठी. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. जिन्याखाली मान वाकवून पंधरा मिनिटं तसाच उभा राहून पुस्तकं चाळी.

पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "बाई, सोभाव सुधराचं काही हाय का?"

"कोणता स्वभाव?"

"राग येते."

रागावर आमच्याकडे पुष्कळ होतं. दिलं. परत आणताना चिठ्ठीवर लिहिलं, "राग आवरणे." दुसऱ्या पुस्तकावर, "राग आवरणे." तिसऱ्यावर तेच. मला वाटलं, हा चिकाटीचा माणूस आहे, एका वेळी एकच गोष्ट धरतो. आठ चिठ्ठ्या झाल्या तेव्हा मी विचारलं, "सुदामराव, जमतंय का?"

"जमून राह्यलं, बाई," तो म्हणाला. "आता भायेर दिसत नाही."

मी बरोबरची खूण केली आणि शेजारी 'प्रगती चांगली' असं लिहिलं. ते माझ्या हस्ताक्षरात अजून आहे.

तर वाळवी. पुस्तकाच्या पाठीला बांधणाऱ्यानं लावलेली खळ वाळवीला फार आवडते. तिनं खालच्या फळीवरच्या पाच-सहा पुस्तकांच्या पाठी खाल्ल्या, पुठ्ठे खाल्ले, पानांना मात्र फारसं तोंड लावलं नाही. तिला मजकुरात रस नव्हता. पाठ गेली की पुस्तक उलगडतं. छापखान्यात सोळा-सोळा पानांचा एकेक गठ्ठा करून शिवतात, त्याला फर्मा म्हणतात. ते फर्मे सुटे होऊन माझ्यासमोर जमिनीवर पसरले होते. त्यात तीनशे सतरा आणि तीनशे बावीस ही दोन पुस्तकं एकाच छापखान्याची, एकाच मालेतली, एकाच आकाराची, दोन्ही बरोबर दोनशे अठ्ठ्याऐंशी पानांची. पानांच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव छापलेलं नाही, फक्त पानाचा आकडा. मी दोन चळती केल्या, आकडे लावले, एक ते दोनशे अठ्ठ्याऐंशी, दोनदा. एकही पान कमी नाही. मला फार समाधान वाटलं.

आमची पुस्तकबांधणी गफूरभाई करत. चौकापलीकडे त्यांचं दुकान, वडिलांपासूनचा धंदा. खळीत मोरचूद घालायचे, म्हणजे पुन्हा कीड लागू नये. त्यांनी चळत हातात घेतली, अंगठ्यानं फर्रकन पानं सोडली आणि थांबले.

"बाई, कागद पाहा जरा. आधा पिवळा हाय, आधा सफेद. एका किताबीचा नाही वाटत."

"पानांचे आकडे सलग लागतात ना?"

"आकडे त लागतात."

"मग शिवा."

"तुमी म्हणता त शिवतो," गफूरभाई म्हणाले. "शिलाई पक्कीच होईन. आतलं तुमचं तुमाले ठाऊक."

शिलाई पक्कीच झाली. दोन्ही पुस्तकं नव्या कापडी पाठीनं कपाटात उभी राहिली आणि वर्षभराहून जास्त काळ वाचकांत फिरली. अकरा जणांनी नेली. एकानंही तक्रार केली नाही. उलट कापड दुकानदाराचा मुलगा तीनशे बावीस परत करताना म्हणाला, "मस्त हाय बाई हे. आधी पळाले लावते, मंग बसवते." मी त्याचं म्हणणं लिहूनही घेतलं.

एका रविवारची सकाळ. आमची सुट्टी सोमवारी असते, रविवारी वाचनालय उघडं. दहाच्या सुमारास एक बाई आली. तिशीच्या आतली, लुगडं नीट नेसलेली, एस.टी.च्या धुळीनं चेहरा माखलेला. फडक्यात बांधलेलं पुस्तक तिनं सोडलं आणि माझ्या टेबलावर आपटलं.

"हे तुमचं पुस्तक जमा करून घ्या. अन् यायले आता पुस्तक देऊ नका."

"कुणाला?"

"खिल्लाऱ्याले. मी त्यायची बायको. वच्छला."

तीनशे सतरा होतं. मी म्हटलं, बसा, पाणी घ्या, काय झालं? तिनं पाणी घेतलं, बसली मात्र नाही.

"काय व्हाचं? काल घरी आले अन् म्हणे, नोकरीचा राजीनामा देऊन आलो. बडेबाबूच्या हातात दिला. साहेब दौऱ्यावर हाय, सोमवारी सही करन. मी म्हटलं, काहून? त म्हणे, पुस्तकात लिहेल हाय. मी म्हटलं, पुस्तक पोट भरन का? त म्हणे, तुले नाही समजत, वाच. मी चवथी शिकली. मले वाचता येते. मी वाचलं." तिनं पुस्तक उघडलं, खुणेसाठी दुमडलेलं पान काढलं आणि त्यावर बोट ठेवलं. "हे पाहा."

एकशे चव्वेचाळीसावं पान. तिथं खुर्ची, हुद्दा, पगार, लोकांनी दिलेली ओळख हे सगळं अंगावरच्या कपड्यांसारखं आहे, ते म्हणजे आपण नव्हे, असं विवेचन चाललं होतं. पान संपत होतं ते असं: "ज्या जागेला तू घट्ट धरून बसला आहेस ती तुझी नाही, हे एकदा उमजले की माणसाने" – आणि समोरच्या एकशे पंचेचाळीसाव्या पानावर: "दिवस ठरवावा, दोघांहून अधिक जणांना विचारू नये, आणि मागे वळून पाहू नये."

वाक्य इतकं बेमालूम जुळत होतं की मलाही क्षणभर पटलं. मग मला आठवलं, कागद. डावीकडचा पिवळा, उजवीकडचा पांढरा. मी शेवटचं पान उघडलं. आमचाच शिक्का. शिक्क्यातला आकडा तीनशे बावीस.

जिन्याखाली जाऊन दुसरं पुस्तक आणलं. तिथं उलटा प्रकार. पहिला निम्मा भाग विहीर खणण्यापासून दुकान काढण्यापर्यंत कुठलंही नवं काम कसं सुरू करावं याचा. दुसरा निम्मा वैराग्याचा. म्हणजे मी दोन पुस्तकांची धडं एकमेकांना लावली होती. वैराग्यवाल्या लेखकाचं खरं एकशे पंचेचाळीसावं पान या दुसऱ्या पुस्तकात होतं, आणि ते म्हणत होतं: "स्वस्थ बसून मनातली पकड सैल करावी, बाहेरचे काही बदलण्याची आवश्यकता नाही."

अकरा वाचकांचं मला एवढं वाटलं नाही. पण सोमवारी सही झाली की एका घरचा पगार थांबणार होता, आणि तो माझ्या दोन चळतींमुळे.

"वच्छलाबाई," मी म्हटलं, "चूक पुस्तकाची नाही, माझी आहे. केनवडची गाडी कधी आहे?"

शिपायाला टेबल सांभाळायला सांगितलं, दोन्ही पुस्तकं पिशवीत घातली आणि आम्ही दोघी एस.टी.त बसलो. अर्ध्या वाटेत वच्छला म्हणाली, "दारू पित असते त बाटली फोडली असती. पुस्तकाले काय करता, सांगा?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

सुदाम ओसरीत बाजेवर बसला होता. मला आणि बायकोला एकत्र पाहून उठून उभा राहिला. त्याच्या आईनं चहा ठेवला. मी वेळ न घालवता दोन्ही पुस्तकं बाजेवर मांडली आणि काय झालं ते सांगितलं: वाळवी, चळती, गफूरभाईंनी दाखवलेला दोन रंगांचा कागद, माझे आकडे. सुदाम ऐकत राहिला आणि मग हसायला लागला. खूप वेळ हसला.

"म्हंजे बाई, मी दोन किताबीचं कलम वाचून राजीनामा देला?"

"हो. तुम्ही उद्या सकाळी जाऊन तो परत घ्या. लेखकाला तसं म्हणायचंच नव्हतं."

"मंग काय म्हणाचं होतं?"

मी खरं पान काढून दिलं. त्यानं ते सावकाश वाचलं. पुन्हा वाचलं. हसू गेलं.

"म्हंजे अस्सल किताब असं म्हणते, का तिथंच बसा, मनातून सोडा, अन् त्याच कपात चहा प्या."

"कोनता कप?" वच्छलानं विचारलं.

त्यानं पुस्तक मिटलं. आईच चुलीजवळून म्हणाली, "सांग ना बापू, ते विचारून राह्यली."

मग त्यानं सांगितलं, जमिनीकडे पाहत. कचेरीत चहा येतो. सगळ्यांना काचेच्या पेल्यात. याचा कप वेगळा, कान तुटलेला, खिडकीत पालथा ठेवलेला. चहावाला वरून ओततो. प्यायल्यावर यानं तो स्वतः धुऊन पुन्हा खिडकीत ठेवायचा. रुजू झाला त्या दिवसापासून. कुणी तोंडानं काही म्हणत नाही. बडेबाबू, म्हणजे तिथले हेडक्लार्क, हसून बोलतात, घरची विचारपूस करतात. फक्त कप खिडकीत.

"पाच वर्षं?" वच्छला म्हणाली. "अन् मले सांगतलं नाही?"

"काय सांगू? तू गावभर सांगतं, मालक साहेबाच्या शेजारी बसते म्हणून."

"मंग तुमी तो चहा पिता काहून?"

"राग आवरून पितो," सुदाम म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं.

त्या कचेरीत मी वाचनालयाच्या कागदपत्रांसाठी नेहमी जाते. तो कप मी पाहिला होता. निळ्या फुलांचा. कान तुटला म्हणून कुणी बाजूला काढून ठेवला असेल असं वाटलं, असं आज लिहिता आलं असतं. खरं म्हणजे मी विचारच केला नव्हता. आणि इकडे एक माणूस दर शनिवारी मान वाकवून माझ्या कपाटातून रागावरचं औषध नेत होता आणि मी बरोबरच्या खुणा करत होते. तो ज्याला दोष समजत होता तो त्याच्यातला सगळ्यात शहाणा भाग होता, हे त्यानं नेलेल्या रागावरच्या चौदा पुस्तकांतल्या एकालाही आणि मलाही कळलं नाही. राजीनामा त्यानं पुस्तकासाठी दिला नव्हता. एकशे पंचेचाळीसाव्या पानानं फक्त दार उघडून दिलं.

आता मी पेचात. 'लेखकाला तसं म्हणायचं नव्हतं' म्हणून मी त्याला परत बसवायला आले होते. कुठे बसवायला?

वच्छला तोवर उठून उभी राहिली होती. सकाळी टेबलावर पुस्तक आपटताना होती तशीच. "सोडाचंच असन त त्यायनं कप सोडावं. तुमी नोकरी कायले सोडता? तुमी चोरी केली का? तुमी उठून आले त खुर्ची त्यायची, कपही त्यायचा. मंग दुसरा पोरगा येईन आपल्यातला, त्याले तोच कप."

"मंग काय करू? भांडू?"

"भांडा नाही त लिहून द्या. तुमी कारकून हाय ना?"

बाजेवरच्या दोन्ही पुस्तकांत मिळून पाचशे शहात्तर पानं होती. एवढं साधं त्यात कुठं नव्हतं.

सोमवारी माझी सुट्टी. साडेदहाला मी कचेरीत बाकावर जाऊन बसले. हातात वाचनालयाचा एक कागद होता, पण काम त्याचं नव्हतं. सुदाम बडेबाबूंच्या टेबलासमोर उभा होता.

"बडेबाबू, शनिवारचा माहा अर्ज वापस पाह्यजे."

"अरे, तो आता कसा मिळन? आवक नोंदवहीत चढला. नंबर पडला." बडेबाबूंचा आवाज खरोखरच हळहळीचा होता. "तूच देला ना बाबा? आमी काय तुले जा म्हटलं? सायेब अकराले येतीन, सही होईन. नोंद खोडता येत नाही, तुले माहीत हाय."

हे माझ्या अखत्यारीतलं होतं. मी बाकावरूनच म्हटलं, "नोंद खोडायला नकोच. अर्ज मागे घेत असल्याचा दुसरा अर्ज द्या. त्याला पुढचा नंबर पडेल. दोन्ही साहेबांपुढे एकत्र जातील." नोंदवह्या पाळणाऱ्या माणसाला एवढं तरी कळतं.

बडेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी पुस्तकावाल्या बाई ना? तुमचं काय काम होतं?"

"माझं सावकाश आहे."

सुदामनं खिशातून घडी काढली. अर्ज रात्रीच लिहून तयार होता. बडेबाबूंनी नोंदवही उघडली, नंबर टाकला, तारीख टाकली आणि तिसऱ्या रकान्याशी लेखणी थांबली. तो रकाना विषयाचा. अर्जाच्या वर जे लिहिलेलं असेल ते त्यात उतरवायचं असतं. आणि तिथं सुदामच्या वळणदार अक्षरात होतं: "राजीनामा मागे घेणे, व कार्यालयात अर्जदारासाठी चहाचा वेगळा कप ठेवला जात असलेबाबत."

शेजारच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या.

"सुदाम," बडेबाबू हळूच म्हणाले, "पयलं लिहू. राजीनामा मागे घेणे. बस. दुसरं आपण तोंडी पाहून घेऊ ना. घरच्यासारखे हाओत आपण."

"विषय दोन्ही हाय, बडेबाबू."

"अरे, हे कायमचं राहीन वहीत. तपासणीले येते वही."

"म्हणूनच लिहा."

"तुले कधी काही बोललो का मी? पाच वर्षांत?"

"नाही बोलले," सुदाम म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, पण कानशिलं लाल झाली होती आणि या खेपेला ती सगळ्यांना दिसत होती. "कपच बोलत होता."

बडेबाबूंनी लिहिलं. शब्द न शब्द. त्यांच्या हाताखाली शाई जरा पसरली.

साहेब अकराला आले. दोन्ही अर्ज आत गेले. राजीनाम्यावर 'मागे घेतल्याने निकाली' असा शेरा आला. दुसऱ्या विषयावर फक्त 'पाहिले' असा शेरा आणि सही. सरकारी भाषेत 'पाहिले' या शब्दाला काही अर्थ नसतो असं म्हणतात. पण चहावाल्यानं बुधवारी सात पेले आणले, सातही सारखे. बडेबाबूंनी पित्ताचं कारण सांगून कचेरीतला चहा सोडला, तो अजून सोडलेलाच आहे. माफी कुणी मागितली नाही. दोघा सहकाऱ्यांनी पुढे वर्षभर सुदामशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तो म्हणतो, काम लवकर होतं. नोकरी टिकली.

गफूरभाईंकडे दोन्ही पुस्तकं नेली तेव्हा त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि शिलाई उसवायला घेतली. "मी बोललो होतो" हे वाक्य ते बोलले नाहीत. माझ्या आयुष्यात तत्त्वज्ञान अमलात आणलेला माणूस मी पाहिला असेल तर तो हा. कापड दुकानदाराचा मुलगा मात्र नवं तीनशे बावीस नेऊन नाराज झाला. म्हणाला, जुनं बरं होतं, हे नुसतंच पळवते.

चिठ्ठ्या मी बंद केल्या. पुस्तकं वाचणं बंद केलं नाही. ती वाचावीतच, फक्त त्यांनी सांगितलेलं करण्याआधी आपल्याला नेमकं काय दुखतंय ते कुणाला तरी मोठ्यानं सांगून पाहावं, आणि शक्यतो चवथी शिकलेल्या माणसाला. सुदामच्या चिठ्ठ्या मी फाडल्या नाहीत. माझ्या कामातली चूक नीट जपून ठेवायची सवय मला आहे.

त्या सोमवारनंतरचा शनिवार आला. अडीच वाजता सुदाम आला, पांढरा शर्ट, कडक इस्त्री. मला वाटलं होतं, येणार नाही.

"बाई, रागावर काही हाय?"

"चौदा आहेत. तुमची वाचून झालीत."

"आवराचं नको. नीट कराचा कसा, ते."

आम्ही दोघांनी मिळून जिन्याखालचं कपाट पाहिलं. वरची फळी, मधली, खालची. तसं एकही पुस्तक नव्हतं. नव्या पुस्तकांची मागणीयादी त्याच आठवड्यात पुण्याला जायची होती. मी ती काढली आणि सर्वांत वर लिहिलं: "राग नीट कसा करावा, या विषयावरील मराठी ग्रंथ. प्रती दोन."

सुदाम माझ्या खांद्यावरून वाचत होता.

"दोन काहून, बाई?"

"एक मला," मी म्हटलं.